पुण्याचा पगार, सॅन होजेचा पगार आणि दिवसाला ३ डॉलर

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला नोकरीचा. पुण्यात वर्षाला २४ लाख मिळतात, सॅन होजेहून १,४०,००० डॉलरची ऑफर आहे. कुणीतरी सांगितलं की क्रयशक्तीच्या, म्हणजे पैशात प्रत्यक्ष किती विकत मिळतं त्याच्या, हिशेबात डॉलर २० रुपयांचाच, म्हणजे इथले २४ लाख हे तिथले १,२०,००० डॉलर झाले. मग एवढ्यासाठी घरदार सोडून जायचं कशाला? दुसरा प्रश्न थोडा चिडून विचारलेला दिसतो. जागतिक बँकेच्या मते भारतात अतिगरीब जेमतेम ५ टक्के, आणि अमेरिकेचं सरकार स्वतःच्याच देशात ११ टक्के गरीब आहेत म्हणतं. हे आकडे काढणाऱ्यांनी पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत कधी पाहिली आहे का?

माझी नोकरीची बहुतेक वर्षं भावांची आकडेवारी आणि घरखर्चाच्या पाहण्या यांत गेली. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी तो २० रुपयांचा डॉलरच आहे, म्हणून आधी तो येतो कुठून ते सांगतो.

देशोदेशीच्या किमतींची तुलना करणारा एक कार्यक्रम आहे, आयसीपी. १९६८ मध्ये पेन्सिल्वेनिया विद्यापीठातले आयर्व्हिंग क्रॅव्हिस, ॲलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स यांनी संयुक्त राष्ट्रांच्या साथीने तो सुरू केला. आता तो जागतिक बँकेकडे आहे. भारत त्यात अगदी सुरुवातीच्या देशांपैकी. एकच वस्तू, ठरलेली प्रत, ठरलेलं वजन, आणि ती त्या त्या देशात काय भावाने मिळते याची नोंद, एवढंच मूळ काम. २०११ च्या फेरीत भारताचा आकडा निघाला डॉलरला १५.५५ रुपये, तेव्हा बाजारात डॉलर ४६.६७ रुपयांना होता. २०१७ च्या फेरीत तो २०.६५ झाला, बाजारात ६५.१२. २०२१ च्या फेरीचे निकाल मे २०२४ मध्ये आले, १७६ देशांचे, आणि आपण विशीच्या आसपासच राहिलो. तुमच्या कानावर आलेला २० तो हा.

सांगायला सोपं असलं तरी हे काम करायला जिकिरीचं आहे. तांदूळच घ्या. इथल्या रोजच्या जेवणात कोलम, मावळात इंद्रायणी, तिकडे लांब दाण्याचा पिशवीतला. बासमती दोन्हीकडे मिळतो म्हणून त्याचीच तुलना केली तर ती आपल्याकडच्या सणासुदीच्या वस्तूची आणि तिकडच्या दुकानातल्या एका साध्या पिशवीची तुलना होते. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे ती त्या देशात नेहमीची आहे की नाही हेही लिहून घेतात. ज्वारी-बाजरीला तिकडे भावच नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकाच्या शिकवण्याला दोन्हीकडे बाजारभाव नाही, मग तिथे पगार धरतात आणि कामाच्या उत्पादकतेची काहीतरी दुरुस्ती करतात. या सगळ्यातून आकडा किती हलू शकतो याचं उदाहरण २००५ च्या फेरीचं. चीनमधले भाव ११ शहरांतून गोळा झाले होते. निकाल आले तेव्हा चीनची अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा ४० टक्क्यांनी लहान निघाली, आणि भारताचीही जवळपास तितकीच आकसली. कागदावर, अर्थात. त्या रात्री कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. मी स्वतः अशा तुलनेत दहा टक्क्यांच्या आतल्या फरकावर एक वाक्यही लिहीत नाही.

पण तुमच्या कामाची गोष्ट या सरासरीच्या आत आहे. पुणे आणि सॅन होजे यांचे भाव शेजारी ठेवून बघू. (दोन्ही जुळी शहरं म्हणवतात, तेवढंच निमित्त.) भाव ढोबळ आहेत, तुम्हाला दहा-वीस टक्के इकडेतिकडे सापडतील, त्याने मुद्दा बदलत नाही.

आयफोन १६ आला तेव्हा अमेरिकेत ७९९ डॉलर आणि भारतात ७९,९०० रुपये. या एका वस्तूपुरता डॉलर १०० रुपयांचा झाला. तिकडे विक्रीकर वरून लागतो तो धरला तरी नव्वदीच्या वर. पेट्रोल आपल्याकडे लिटरला १०४ च्या आसपास, कॅलिफोर्नियात सव्वा डॉलरच्या घरात, म्हणजे डॉलर ८३-८५. दूध इथे ५८-६०, तिकडे डॉलर-सव्वा डॉलर लिटर, म्हणजे डॉलर पन्नासचा. तूरडाळ घेतली तर तो तीसचा, कांदे-बटाटे घेतले तर सोळा ते वीसचा. कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट ३०,००० भाड्याने, सॅन होजेत तसाच ३,३०० डॉलरच्या आगेमागे. इथे डॉलर ९ रुपयांवर आला. पुण्याच्या पीएमपी बसचं जवळचं तिकीट १० रुपये, तिकडच्या व्हीटीए बसचं अडीच डॉलर: ४ रुपये. आणि घरी येऊन केर-फरशी-भांडी करणारी बाई? तिकडे तासाला ४० डॉलर सहज, इथे महिन्याचे पैसे तासांवर वाटले तर शंभराच्या आसपास. डॉलर अडीच रुपयांचा.

अडीच ते शंभर. या सगळ्याची, देशभरातल्या खर्चाच्या प्रमाणात भार देऊन काढलेली सरासरी म्हणजे २०.

यादी पुन्हा एकदा वरून खाली वाचा. जहाजात किंवा विमानात चढून जाऊ शकणाऱ्या वस्तू वर आहेत, त्यांचा भाव जगभर बाजाराच्या विनिमय दराच्या जवळ राहतो. आपल्याकडे कर धरून कधी त्याच्याही वर जातो. खाली खाली जाल तसतसा किमतीतला माणसाच्या श्रमाचा आणि जागेचा वाटा वाढतो. यामागचं कारण १९६४ मध्ये अर्थतज्ज्ञ बेला बालाशा आणि पॉल सॅम्युअलसन यांनी वेगवेगळं मांडलं. सॅन होजेत चिप आणि सॉफ्टवेअर करणाऱ्यांना जगाच्या बाजारात मोठी किंमत मिळते, त्यांचे पगार वर जातात, आणि त्यांच्याच शहरात बस चालवायला माणूस हवा असेल तर त्यालाही त्या पगारांच्या जवळपास पोचवावं लागतं, नाहीतर तो दुसरं काम धरेल. तो आपल्या पीएमपीच्या ड्रायव्हरपेक्षा जास्त प्रवासी नेतो असं नाही. स्वारगेटहून संध्याकाळी सहाला सुटणारी बस पाहिली तर उलटच म्हणावं लागेल. पण इथे त्याच कामासाठी बाहेर रांग उभी आहे. हिंजवडीत डॉलरमध्ये विकलं जाणारं काम कितीही होत असलं, तरी ते करणारे एकूण कामकऱ्यांत मूठभर; त्यांचे पगार बाकीच्यांची मजुरी ओढून वर नेण्याइतके पसरलेले नाहीत.

म्हणून मी पुण्याला स्वस्त शहर म्हणत नाही. पुण्यात माणसाचं काम स्वस्त आहे. तुमचे २४ लाख इथे पुरतात ते मुख्यतः यामुळे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नातली वसाहत पर्वतीच्या उतारावर आहे तीही यामुळेच. तिथली बाई कोथरूडमधल्या चार घरी कामाला जाते. तिला मिळणारे तासाचे शंभर रुपये हाच तुमच्या स्वस्ताईचा एक मोठा भाग आहे.

आता ऑफरचा हिशेब. पगाराला एकाच दराने भागायचंच नाही. पैसा जिथे खर्च होणार तिथल्या भावाने मोजायचा. १,४०,००० डॉलरमधून केंद्राचा, कॅलिफोर्निया राज्याचा आणि सामाजिक सुरक्षेचा कर जाऊन एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण ८,००० पडतात. भाडं, गाडी, गाडीचा विमा, आरोग्य विम्यातला तुमचा वाटा, खाणं धरून ६,००० सहज जातात. उरले २,०००. इथे २४ लाखांतून कर आणि पीएफ जाऊन दीड-पावणेदोन लाख हाती येतात, बऱ्यापैकी राहून ८०-९० हजार खर्च होतात, ७०-८० हजार उरतात. राहणीमान पाहिलं तर सामना बरोबरीचा, किंबहुना इथे पोळ्या करायला बाई आहे, तिथे रविवारी कपडे-भांडी-बाथरूम सगळं तुम्हीच. पण ते २,००० डॉलर तुम्ही पुण्यात आणणार असाल, बाणेरच्या फ्लॅटचे हप्ते भरायला किंवा आईवडिलांना पाठवायला, तर त्यांना विसाने गुणायचं कारण नाही. ते बाजाराच्या दराने, डॉलरला ८५-९० रुपयांनी येतात: पावणेदोन लाखांच्या आसपास. इथल्या शिलकीच्या दुपटीहून जास्त. क्रयशक्तीचा आकडा खर्चाला लावायचा, शिलकीला लावायचा नाही. आपल्याकडची मुलं वर्षानुवर्षं जातात ती या शिलकीसाठी, त्यांनी आयसीपीचा अहवाल वाचलेला नसतो तरी.

हा हिशेब एकट्याचा झाला. जोडीदाराला तिकडे कामाची परवानगी मिळणार नसेल आणि इथे ती किंवा तो कमावत असेल, तर दुपटीचं गणित तिथेच संपतं. आणि मुलं असतील तर आणखी एक बाब लोक धरत नाहीत: सरकार काय देतं. तिकडे वस्तीतली सरकारी शाळा फुकट आणि चांगली असते, इथे वर्षाला लाख-दीड लाख फी भरून इंग्रजी शाळा. तिकडे आजारपण दिवाळं काढू शकतं, इथे तुलनेने कमी. इथे सोसायटीला उन्हाळ्यात टँकर, घरात पाण्याचा फिल्टर, वर इन्व्हर्टर. वाघोली किंवा बावधनच्या बाजूला राहत असाल तर टँकरचा खर्च किती येतो ते मेंटेनन्सच्या बिलावर दिसतंच. महापालिकेने द्यायचं ते आपण खिशातून विकत घेतो. यातलं सगळं सरासरीत नीट उतरत नाही.

वसाहतीतल्या त्या बाईकडे येऊ. तिच्यासाठी डॉलर किती रुपयांचा? तुमच्या खर्चात भाडं, घरकाम, हॉटेल, रिक्षा, सलून, म्हणजे यादीचा खालचा, श्रमाचा भाग मोठा. तिच्या खर्चात, खोलीचं भाडं आणि मुलाच्या क्लाससारखं थोडंफार सोडलं तर, तो नाहीच म्हटलं तरी चालेल. श्रम ती विकते, विकत घेत नाही. ती घेते गोडेतेल, डाळ, दूध, सिलिंडर, मोबाइलचा रिचार्ज. सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत शहरी भारतात दरडोई महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये होता आणि त्यातला ४० टक्क्यांच्या जवळ खाण्यावर. ग्रामीण भागात ४,१२२ आणि ४७ टक्के. खालच्या थरात हा वाटा आणखी वाढतो. म्हणजे अमेरिकेशी तुलना केली तर तिचा रुपया सरासरी सांगते तितका लांब जात नाही. तुम्ही आणि ती एकाच शहरात राहता, पण डॉलरचा एकच दर दोघांना लागू नाही.

इथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो घेतलाही गेला: मग जागतिक बँकेची गरिबीची मोजणीच चुकली म्हणायची का, कारण तिने सगळ्यांची सरासरी वापरली, गरिबांची नाही? अर्थतज्ज्ञ अँगस डीटन आणि ऑलिव्हिए दुप्रिए यांनी गरिबांच्या खर्चाचे भार वापरून नवे दर काढले. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. फरक फार थोडा निघाला. कारण असं की गरिबीच्या मोजणीत अमेरिका खऱ्या अर्थाने तुलनेत नसतेच. दिवसाला ३ डॉलर ही रेषा अमेरिकेत ३ डॉलरमध्ये कसं जगायचं यावरून आलेली नाही. अतिशय गरीब देशांनी स्वतःसाठी ठरवलेल्या दारिद्र्यरेषा घेतात, त्या क्रयशक्तीच्या डॉलरमध्ये आणतात आणि त्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतात. डॉलर इथे फक्त मोजायचं माप. खरी तुलना भारत आणि इथिओपिया, भारत आणि नेपाळ अशी चालते, आणि त्या सगळ्याच देशांत अन्न श्रमाच्या मानाने महागच आहे.

ही रेषा सरकत आली आहे. १९९० मध्ये दिवसाला १ डॉलर, मग २००५ च्या किमतींवर १.२५, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५, आणि जून २०२५ पासून २०२१ च्या किमतींवर ३.००. नुसत्या महागाईने ती २.१५ वरून ३ वर गेलेली नाही. गरीब देशांनी घरखर्च जास्त नीट मोजायला सुरुवात केली, त्यांच्या स्वतःच्या रेषा वर गेल्या, म्हणून मध्यक वर गेला. भारताचे आकडे असे: २.१५ च्या रेषेखाली २०११-१२ मध्ये १६.२ टक्के, २०२२-२३ मध्ये २.३. तीन डॉलरच्या रेषेने २७.१ वरून ५.३. आणि आपल्यासारख्या कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी जी ४.२० ची रेषा आहे तिच्याखाली ५७.७ वरून २३.९. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो तो ५.३. चर्चा व्हायला हवी ती २३.९ वर, असं माझं मत. भारत आता त्या गटातला देश आहे आणि माप त्या गटाचंच लावावं.

रुपयांत आणू म्हणजे अंगाला लागेल. तीन डॉलर म्हणजे २०२१ च्या भावाने माणशी दिवसाला साधारण ६२ रुपये, मधली महागाई धरून आज ७५ च्या आसपास. चौघांच्या घराला महिन्याला ९,०००. शहरातल्या महागाईची वेगळी दुरुस्ती असते, पण आकडा याच घरातला. ४.२० ची रेषा चौघांना साडेबारा हजारांवर येते. वसाहतीतल्या आपल्या बाईच्या घरी ती आणि नवरा मिळून २२,००० आणतात असं धरा, दोन मुलं. दोन्ही रेषांच्या वर, बऱ्यापैकी वर. जागतिक बँकेच्या दृष्टीने हे घर गरीब नाही. दहा बाय बाराच्या खोलीचं भाडं, मुलाच्या क्लासची फी, नवऱ्याचं एक आजारपण, यातलं कुठलंही त्या रेषेला दिसत नाही. पण ती अतिगरिबीची रेषा आहे. उपासमारीच्या कडेला कोण उभं आहे एवढंच तिने सांगायचं असतं, आणि तेवढं ती बऱ्यापैकी सांगते.

आता अमेरिकेचे ११ टक्के. त्यांची रेषा १९६३ मध्ये मॉली ओरशान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी काढली. सगळ्यात स्वस्त पोटभर आहाराचा खर्च काढला आणि त्याला तिनाने गुणलं, कारण तेव्हाच्या पाहणीत कुटुंबाच्या पैशातला एक तृतीयांश खाण्यावर जात होता. नंतर ती फक्त महागाईप्रमाणे वाढवत आले. २०२४ मध्ये सरकारी मदतीसाठीचा आकडा चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ३१,२०० डॉलर होता, माणशी दिवसाला २१ डॉलरच्या थोडा वर. ही रेषा क्रयशक्तीने पुण्यात आणली तर चौघांना महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार होतात. नऱ्ह्यातला ४५,००० पगाराचा, घरात एकटाच कमावता, बायको आणि दोन मुलं असलेला माणूस अमेरिकेच्या मापाने गरीब. तीन डॉलरची रेषा तिकडे नेली तर तिच्याखाली फारच थोडे सापडतील. युरोप याहून वेगळा: तिथे देशाच्या मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली असलेला माणूस गरिबीच्या धोक्यात धरतात, जर्मनीत एकट्याला महिन्याला १,३०० युरोच्याही वर. देश श्रीमंत झाला की ती रेषाही सरकते. म्हणून ५ आणि ११ हे आकडे शेजारी ठेवून फिरणारे मेसेज आले तर पुढे पाठवू नका. दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेल्या उंची आहेत त्या.

आपल्याकडच्या रेषेचा उगम तुमच्या घरापासून फार लांब नाही. १९७१ मध्ये डेक्कनजवळच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ही कसोटी होती. ग्रामीण २,४०० आणि शहरी २,१०० हे आकडे नंतर १९७९ मध्ये आले. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांशी बांधलेली गाठ सोडवली. २०११-१२ साठी तिच्या पद्धतीने शहरात महिन्याला दरडोई १,००० आणि ग्रामीण भागात ८१६ रुपये ही रेषा निघाली. त्याच सुमाराला सुप्रीम कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रात शहरासाठी दिवसाला ३२ रुपये आले आणि देशभर जो गदारोळ झाला तो तुम्हाला आठवत असेल. रंगराजन समितीने २०१४ मध्ये शहरासाठी १,४०७ सांगितले. त्यानंतर सरकारने अधिकृत रेषा स्वीकारलेलीच नाही. माझ्या मते ही आजची खरी अडचण आहे: स्वतःची रेषा नसल्यामुळे आपण वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँकेच्या रेषेवर भांडतो.

पाहणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बाहेरून ती कळत नाही. प्रश्न कसा विचारला यावर गरिबी ठरते. गेल्या ३० दिवसांत खाण्यावर किती खर्च केला असं विचारलं तर लोक विसरतात, ७ दिवसांचं विचारलं तर जास्त आठवतं. खर्च वाढतो, गरीब कमी होतात, कुणाच्या घरात काहीही न बदलता. सरकारी पाहणीच्या १९९९-२००० मधल्या ५५ व्या फेरीत एकाच घराला दोन्ही कालावधी विचारले गेले, उत्तरं एकमेकांत मिसळली आणि त्या फेरीचे आकडे कसे वाचायचे यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. २०२२-२३ ची पाहणी नव्या पद्धतीची, एकाच घराला तीन भेटी, वेगवेगळ्या वस्तूंसाठी वेगळे कालावधी. ती जास्त चांगली आहे, पण म्हणूनच जुन्या आकड्यांशी थेट जोडताना जपून. मोफत रेशनच्या धान्याची किंमत धरल्यावर त्या पाहणीत ग्रामीण सरासरी ३,७७३ वरून ३,८६० झाली आणि शहरी ६,४५९ वरून ६,५२१. राजकीय चर्चेत वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी फरक.

आणि वरच्या टोकाचं घर पाहणीत सापडत नाही. वस्तीत पाहणीवाल्याला बसायला जागा आणि चहा मिळतो. बाणेरच्या मोठ्या सोसायटीत गेटवरूनच इंटरकॉमवर ‘नंतर या’ सांगतात. त्यामुळे २०२५ मध्ये भारत जगातला चौथा सर्वात समान देश अशी बातमी झळकली तेव्हा या क्षेत्रातल्या माणसांनी कपाळाला हात लावला. तो २५.५ चा गिनी निर्देशांक (विषमतेचं माप: ० म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळं एकाकडेच) खर्चाचा होता आणि ज्यांच्याशी तुलना केली त्यांतल्या अनेक देशांचा उत्पन्नाचा. श्रीमंत माणूस जास्त वाचवतो, म्हणून खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा सहसा कमी दिसते. ज्या टिपणातून आकडा उचलला, त्याच टिपणात जागतिक बँकेने भारताचा उत्पन्नाचा गिनी दुसऱ्या एका आधारसामग्रीनुसार २०२३ मध्ये ६२ असल्याचंही लिहिलं होतं. ते वाक्य बातमीत आलं नाही.

राहिला ‘शहरांची तुलना’ करणाऱ्या वेबसाइटींचा मुद्दा. नंबिओसारख्या ठिकाणी लोक स्वतः भाव भरतात. पुण्याचे भाव भरणारा बहुधा विमाननगर-खराडीचा तिशीतला इंजिनिअर असतो, त्यामुळे भाड्याचा आकडा तुमच्या कामाचा, भाजीचा फारसा नाही. मर्सरसारख्या कंपन्यांच्या याद्या परदेशी अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी असतात. त्यांत चीज आणि वाइन असते, ज्वारी नसते. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर पाहणार असाल तर जीडीपीचा दर घेऊ नका, त्यात पूल, रणगाडे आणि सरकारी पगारही असतात. खासगी उपभोगाचा वेगळा दर दिलेला असतो, तो घ्या. आणि त्याआधी तुमच्या गेल्या तीन महिन्यांच्या यूपीआय आणि कार्डाच्या नोंदी काढून खर्च तीन ढिगांत लावा: भाडं आणि माणसांची कामं, खाणं-पिणं, बाकीच्या वस्तू. सॅन होजेत राहणाऱ्या ओळखीच्या कुणाकडून या तीन ढिगांचे तिथले भाव मागवा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि त्यातून निघणारा डॉलरचा दर फक्त तुमच्या घरापुरता असेल.